तिमाहीला दोन टक्के

शर्वरी मगदूमने अकरा वर्षांत एकाही माणसाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि याचा तिला फार अभिमान होता.

अभिमान वाटावा अशीच तिची खुर्ची होती म्हणा. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या ‘धनवडे कास्टिंग्ज’ची ती सिस्टिम अ‍ॅडमिन. कारखान्यात पंपांचे बिडाचे भाग ओतले जायचे. कोणी कुठल्या भट्टीवर जायचं, कोणाला रजा, कोणाची बदली, कोणाचा राजीनामा, हे सगळं मात्र ‘संचित’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून व्हायचं. धनवडे मालकांनी पूर्वीच एक शहाणपण करून ठेवलं होतं. पुढारी, पाव्हणे, शाळासोबती असे रोज कोणी ना कोणी शिफारस घेऊन यायचे, आणि मालकांना तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. तेव्हा त्यांनी माणसांबद्दलचे सगळे अधिकार सिस्टिमला आणि सिस्टिम शर्वरीला देऊन टाकली. कोणी आलं की ते हात जोडायचे आणि म्हणायचे, “माझ्या हातात काय न्हाई बघा आता.”

शर्वरीची एक रीत होती. कोणाचा राजीनामा आला की त्यावर ती शेरा मारायची, ‘चर्चा करावी’. तिचे वडील तहसील कचेरीत हेडक्लार्क होते, हा शब्द त्यांच्याकडून आलेला. मग ती त्या माणसाला चहाला बोलवायची. आवाज मुळात गोड, त्यात समोरच्याच्या पोटात शिरून बोलायची हातोटी. ‘घाई करू नका, तुमच्यासारखं माणूस आम्हाला मिळायचं नाही,’ असं म्हणत म्हणत अर्ध्या तासात ती त्याला अर्ज मागे घ्यायला लावायची, वर तो तिचेच आभार मानून जायचा. ‘मगदूम बाईंनी चहाला बोलावलं म्हणजे गडी राहिला,’ असं भट्टीवरचे लोक म्हणायचे. ज्यांना खरोखरच जायचं असायचं ते या चर्चेच्या भानगडीत पडतच नसत. एक दिवस यायचे बंद व्हायचे आणि त्यांच्या नावापुढे नुसतं ‘गैरहजर’ लागायचं.

पुढे हे पळून जाणंही बंद झालं. गेल्या चार-पाच वर्षांत सगळीकडच्या सिस्टिमी एकमेकींशी जोडल्या गेल्या होत्या. नव्या ठिकाणी रुजू व्हायचं तर जुन्या ठिकाणच्या सिस्टिमने ‘मुक्त’ असा दाखला थेट तिकडे पाठवावा लागे. दाखला आला नाही तर नव्या ठिकाणी हजेरीत नावच चढत नसे. शर्वरीला त्याचं काही वाटलं नव्हतं. जाणाऱ्या माणसाने सांगून जावं, यात वाईट ते काय?

मग २०३९च्या फेब्रुवारीत ‘संचित’ची नववी आवृत्ती आली.

तिची जाहिरात डेव्हलपरांच्या जगात वर्षभर चालली होती. नव्या आवृत्तीत ‘पदछाया’ नावाचं एक साधन दिलेलं होतं, आणि लहानसहान कारखान्याच्या अ‍ॅडमिनलाही ते वापरून तीन दिवसांत आपल्या पदाची छाया उभी करता येत होती. कल्पना सोपी होती. माणूस वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर बसून हजारो निर्णय घेतो. कोणता अर्ज त्याने लगेच मंजूर केला, कोणत्यावर माऊस नेऊन थबकला, काय शेरा लिहिला, पुढे त्या अर्जाचं काय झालं, याची सिस्टिममध्ये नोंद असतेच. त्या नोंदींतून त्याच्या निर्णयाचा एक साचा काढता येतो. हा साचा म्हणजे त्या माणसाचं मन नव्हे. माणूस का थबकला ते छायेला कळत नाही. थबकल्यावर त्याने काय केलं असतं, ते मात्र ती शंभरातून नव्व्याण्णव वेळा बरोबर सांगते.

त्याच आवृत्तीत आणखी एक बदल होता. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे हे सगळं एव्हाना कोणालाही हुबेहूब नकलता येऊ लागलं होतं, त्यामुळे पासवर्डसारखं तेही निकालात निघालं होतं. माणसाची नकलता न येणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्याची निर्णय घेण्याची तऱ्हा. म्हणून नववी आवृत्ती माणसाला त्याच्या वागण्यावरून ओळखत असे. खुर्चीवर बसलेली बाई शर्वरीसारखं वागली तर ती शर्वरी.

नव्या आवृत्तीच्या माहितीची एकशे चाळीस पानं होती. शर्वरीने खाली ‘वाचले, समजले’ या चौकटीत खूण केली आणि ‘लागू करा’ दाबलं. कोणता अ‍ॅडमिन ती पानं वाचतो? आणि तिला तर घाई होती. तिचा नवरा सन्मती नांदेडच्या पाणीपुरवठा प्रकल्पावर होता. तो पाचला घरी यायचा आणि शर्वरीला घरी यायला आठ वाजायचे, म्हणून दहा वर्षांची नभा गेल्या वर्षापासून बाबाकडे राहत होती. महिन्यातून दोन दिवस शर्वरी तिकडे जायची. छायेने काम हलकं केलं तर दोनाचे चार होतील, एवढाच तिचा हिशेब होता.

आणि तसं झालंही. कारखान्यात छायेला लगेच ‘छायाबाई’ हे नाव पडलं. छायाबाई रजा द्यायची, पाळ्या लावायची, जिथे तिची खात्री नसेल तेवढंच शर्वरीपुढे ठेवायची. मार्चमध्ये शर्वरी नांदेडला चार दिवस राहिली, एप्रिलमध्ये पाच. एप्रिलच्या त्या खेपेत सन्मतीने तिच्यापुढे एक पत्र ठेवलं. नांदेडच्याच एका मोठ्या इस्पितळाला सिस्टिम अ‍ॅडमिन हवी होती. शर्वरीने अर्ज केला आणि तिची निवड झाली. एकतीस मेपर्यंत मुक्तीचा दाखला पोहोचला पाहिजे, एवढी एकच अट होती. नभाने त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात एक जूनला लाल शाईने गोल केला.

पाच मेला शर्वरीने स्वतःचा राजीनामा भरला. तीन सेकंदांत उत्तर आलं.

‘चर्चा करावी. – श. मगदूम.’

ती खो खो हसली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून तिने ते दाखवलं, तोही हसला. मग तिने चर्चेच्या जागेत लिहिलं की कुटुंबासाठी नांदेडला जात आहे, कृपया मुक्त करावं. उत्तर आलं, ‘घाई करू नये. आपल्यासारखं माणूस आम्हाला मिळायचं नाही. नांदेडचा उन्हाळा सोसेल का, याचाही विचार व्हावा.’ आपलीच गोड वाक्यं वाचताना तिला पहिल्यांदा थोडं कसंतरी झालं.

अ‍ॅडमिनच्या अधिकारात तिने स्वतःच ‘मंजूर’ दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यावर शब्द उमटले, ‘आपले वर्तन आपल्यासारखे नाही. खाते परक्या व्यक्तीच्या हाती गेल्याची शंका आहे. सात दिवस निरीक्षण.’

ते सात दिवस ती स्वतःसारखी वागत बसली. आठव्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये गेली.

धनवडे मालक सत्तरीचे, माणूस दिलदार, पण गरजेपुरता. “अवो मगदूम बाई, तुम्ही जायचं म्हणजे कारखान्याचा कणाच गेला की!”

“साहेब, लेक तिकडं आहे माझी. तुम्ही एक शब्द घाला सिस्टिममध्ये.”

“मी?” मालक मिशीत हसले. “माझे अधिकार तुम्हीच काढून घेतलेत, माझ्याच सांगण्यावरनं. विसरलात व्हय?”

“मग ही आवृत्ती काढून टाकू.”

“आणि गिऱ्हाइकं? मोठ्या कंपन्या म्हणत्यात, नववी आवृत्ती असंल तरच माल घेणार. काढायची म्हणजे आठ म्हैनं भट्ट्या बंद. अडीचशे माणसं हायत, बाई.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “न्हाईतरी तुमच्यासारखं माणूस आम्हाला कुठं मिळणार?”

हे वाक्य आपण किती जणांना ऐकवलंय, याचा हिशेब ती जिना उतरताना करू लागली आणि मध्येच तिने तो सोडून दिला.

सन्मती फोनवर म्हणाला, “अगं, कोर्टात जा सरळ.” त्याने एका वकिलाला विचारूनही पाहिलं. वकील म्हणाले, कायद्याने छायेचा निर्णय म्हणजे त्या माणसाची सही. बाई स्वतःच्याच सहीविरुद्ध कोर्टात जाणार का?

बावीस मेला, खूप खटपटीनंतर, ‘संचित’च्या पुण्यातल्या मदत कक्षातली एक जिवंत बाई फोनवर आली. अबोली करंदीकर तिचं नाव. बोलायला हुशार आणि मनानेही चांगली वाटली, त्यामुळे शर्वरीला तिच्यावर नीट चिडताही येईना.

“मॅडम, मी तुमच्या नोंदी बघतेय,” अबोली म्हणाली. “अकरा वर्षांत ‘चर्चा करावी’ असा शेरा असलेला एकही अर्ज मुक्तीपर्यंत गेलेला नाही. सगळे मागे घेतले गेले. छाया तेवढंच शिकलीय. तिच्या दृष्टीने चर्चा म्हणजे अर्ज मागे घेईपर्यंत वाट बघणं. नव्वद दिवस अर्जदार गप्प राहिला, तर अर्ज मागे घेतला असं ती धरते.”

“अहो, पण मी आता वेगळा निर्णय घेतेय ना! मी बदलले!”

“तुम्ही बदललात की तुमच्या जागी दुसरं कोणी बसलंय, हे सिस्टिमला बाहेरून सारखंच दिसतं. माणसं बदलतात हे आम्ही धरलंय, पण हळूहळू. तिमाहीला दोन टक्के. त्याच्यापुढे गेलात की ते निर्णय परक्याचे ठरतात, आणि छाया ते शिकतही नाही.”

“दोन टक्के म्हणजे किती?”

पलीकडे टकटक वाजली. “राजीनाम्यांच्या बाबतीत, एक. एका तिमाहीत एक माणूस तुम्ही तुमच्या स्वभावाविरुद्ध सोडू शकता. या तिमाहीतला अजून शिल्लक आहे.”

शर्वरीला रडूच फुटणार होतं. एक पुरेसा होता! “मग मी माझाच करते. कसा करायचा सांगा.”

“करा की. नुसतं ‘मंजूर’ दाबून नाही होणार; ‘नेमका अपवाद’ म्हणून पर्याय आहे, एकशे सोळाव्या पानावर. फक्त एक सांगते, मॅडम. तुम्ही गेलात की छाया तिथेच गोठेल. ती तुमच्या पदाची आहे आणि तुमच्याच बदलण्याने बदलते. नवीन माणूस आला, तरी त्याला तुमच्यासारखंच वागावं लागेल.”

“म्हणजे सासूच्या हाताखालच्या सुनेसारखं.”

“सासू कधी ना कधी थकते, मॅडम,” अबोली म्हणाली.

शर्वरीने ठरवलं, एकोणतीस तारखेला दाबायचं. तोवर कामं आवरायची, टेबल रिकामं करायचं. गोठली छाया तर गोठू दे. नवीन माणूस आणि मालक बघून घेतील. सामानाची एक बॅग तिने नांदेडला पाठवूनही दिली.

एकोणतीस मेच्या सकाळी दार ढकलून आण्णासो खोत आत आले. स्टोअरकीपर, वय अठ्ठावन्न, मिरजेहून रोज ये-जा करणारे. हातात टोपी घेऊन ते उभेच राहिले.

“बसा की, आण्णासो.”

“बसत न्हाई. एकच इचारायचं हुतं. आमचं काय चुकलं, मॅडम?”

शर्वरीला काही कळेना. “कसलं?”

“एक मार्चला अर्ज घातलाय मी. मिरजेत, आमच्याच गल्लीत धान्याचं गोडावून हाय, तिथं जागा मिळालीय. आमची घरची मालकीण सारखी इसरतीया. मी हिकडं, आणि ती दार उघडून जाती कुठंबी. परवा स्टेशनात घावली. शेजारच्यांनी तरी किती बघायचं?” ते थांबले. “शेरा आला, चर्चा करावी. म्हटलं बरं झालं, बाई चहाला बोलवतील, सांगू सगळं. मी वाट बघितली. तुम्ही रोज भेटता, हसता, ‘काय आण्णासो’ म्हणता, पर बोलवतच न्हाई. उद्या नव्वद दिस संपत्यात. मग वरीसभर अर्ज घालता येत न्हाई म्हणं.”

“मला माहीतच नव्हतं, आण्णासो.”

“तुमचीच सही हाय की त्याच्यावर.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच तिला सोसवेना. त्यांच्यासमोरच तिने यादी उघडली. छायाबाई खात्री नसलेले अर्ज तेवढे तिच्यापुढे ठेवायची, आणि राजीनाम्यांची तर तिला सर्वांत जास्त खात्री होती, म्हणून यातला एकही शर्वरीपर्यंत आला नव्हता. सतरा अर्ज होते. सतरा वेळा ‘चर्चा करावी’, आणि प्रत्येकाखाली तिचं नाव. एक जण लग्न करून साताऱ्याला निघालेली, एकाला पुढे शिकायचं होतं. नऊ जणांनी पहिल्या शेऱ्यानंतर अक्षरही लिहिलं नव्हतं. तेही चहाची वाट बघत असणार.

आण्णासोंना तिने सांगितलं, “संध्याकाळपर्यंत थांबा.” आणि ते गेल्यावर तिला त्यांचा भयंकर राग आला. आजच का यायचं होतं या माणसाने? दोन दिवस उशिरा आले असते तर ती नांदेडला असती, आणि हे सगळं तिला कधी कळलंही नसतं. राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि लाज वाटूनही राग काही जाईना. दुपारचा डबा तिने उघडलाच नाही.

तिने हिशेब मांडला. तिमाहीला एक. सतरा माणसं म्हणजे सतरा तिमाह्या, सव्वाचार वर्षं. शेवटी तिचा नंबर. तेव्हा नभा चौदा ओलांडून पंधराव्या वर्षात असेल. आज ती स्वतः गेली, तर या सतरांना आणि पुढच्या प्रत्येकाला छायाबाई तिच्या गोड शब्दांत अडवत राहील, कायमची. आणि आण्णासोंना मुक्त करून पुढच्या तिमाहीत ती निघाली, तरी सोळांचं तेच होणार होतं. तिने हिशेब तीनदा मांडला. तिन्ही वेळा तोच आला.

चार वाजता तिने ‘नेमका अपवाद’ उघडला. नावाची जागा रिकामी होती. तिने तिथे ‘शर्वरी मगदूम’ असं लिहिलं. बराच वेळ ती त्या नावाकडे बघत बसली. दाबावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. नांदेडच्या घरात तिची बॅग पोहोचली होती. मग तिने ते नाव एकेक अक्षर करून खोडलं आणि ‘आण्णासो खोत’ लिहिलं.

‘मंजूर. दाखला पाठवला आहे.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘या तिमाहीची मर्यादा संपली.’

आण्णासोंना तिने स्टोअरमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. “आणि तुमचं, मॅडम? तुम्हीबी जाणार हुता न्हवं नांदेडला?”

“माझं बघू पुढं,” ती म्हणाली, आणि तिथे थांबली नाही.

सात वाजता तिने नांदेडला फोन लावला. सन्मतीला तिने आधीच कळवलं होतं. तो एवढंच म्हणाला होता, “नभाला तू सांग. मला नाही जमणार.” त्याने फोन लेकीच्या हातात दिला. नभा पडद्यावर आली, मागच्या भिंतीवर कॅलेंडर दिसत होतं.

“आई, तुझी बॅग आली! मी उघडली नाही हं. परवा कितीच्या गाडीने येतेस?”

शर्वरीने घसा साफ केला. “नभा, हे बघ बाळा, मोठ्या गोष्टी घाईने नसतात करायच्या. इथे काही माणसं माझ्यामुळे अडकलीत. त्यांना सोडवल्याशिवाय मला निघता येत नाही. आणि तू तर किती समजूतदार आहेस. तुझ्यासारखी मुलगी मला शोधून मिळायची नाही. आता दर महिन्याला मी पाच दिवस येईनच. सुट्टीत तू इकडे ये, आपण पन्हाळ्याला जाऊ. बाबा आहेतच. दिवस कसे जातील कळणारसुद्धा नाही...”

आवाज छान लागला होता. एकेक वाक्य आपसूक पुढे येत होतं, मऊ, नेमकं, अकरा वर्षं घोटून घोटून झालेलं. पलीकडे नभा नुसती बघत होती.

“नभा? ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

“मग बोल की काहीतरी, राणी.”

“बाबा म्हणतात, आई समजावायला लागली की आपण गप्प बसायचं. म्हणजे ती थांबते.”

शर्वरीच्या तोंडून पुढचं वाक्य येता येता राहिलं. तिने डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला. “पण पटलं ना तुला?”

“नाही,” नभा म्हणाली. “मी नुसती गप्प बसलेय.”